नळी क्रमांक सहाशे बारा आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कीडनियंत्रण, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान शाबूत असल्याचा दाखला जोडलेला नाही, कारण गेली तीन वर्षे मला कमी ऐकू येते असा घरात समज आहे आणि तो मी दूर केलेला नाही. म्हातारा बहिरा झाला की त्याच्यासमोर घर मोकळेपणाने बोलू लागते. या कागदातली निम्मी कलमे त्या बोलण्यातून निघाली आहेत.

माणसांची कागदोपत्री नावे वकिलांनी वेगळ्या पानावर उतरवून घेतली आहेत. इथे मी माणसांना रोज जसे ओळखतो तसेच लिहितो.

सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलांनी मागे एक छत्री आणि एक धाकटा भाऊ ठेवला. छत्री पहिल्याच वर्षी हरवली. भावाचे पुढे येईल.

कलम १. राहते घर. वरच्या तीन खोल्या, गच्चीचा वापर आणि पाण्याची टाकी हे सर्व सूनबाईच्या नावे करावे. कारण देणे बंधनकारक नाही, तरी देतो. मागच्या वर्षी ती फोनवर आईला म्हणाली, "त्रास कसला गं? उलट स्वतःचं ताट विसळून ठेवतात. ह्यांनी कधी ठेवलंय?" 'ह्यांनी' म्हणजे माझे चिरंजीव. चिरंजीवांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांनाही त्याच घरात राहता येईल, वागणूक बरी असल्यास.

कलम २. बँकेतल्या ठेवी चिरंजीव आणि सूनबाई दोघांच्या नावे समान. त्यावर आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. धंदा. दुकान, फवारणीचे सहा पंप, धुरी द्यायची ताडपत्री, मुखवटे, औषधांचा परवाना आणि गिऱ्हाइकांची वही हे चिरंजीवांना. पितळी पंप विकू नये. त्याचा चामड्याचा वॉशर दर सहा महिन्यांनी तेलात भिजवावा लागतो. हे मी चौदा वेळा सांगितले आहे, हे पंधरावे.

धंदा सुरू कसा झाला हे चिरंजीव गिऱ्हाइकांना चुकीचे सांगतात, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी धान्याच्या गोदामात हमाल होतो. पाठीवर पोते घेतले की कान पोत्याला लागतो. एक दिवस ध्यानात आले की काही पोती बोलतात. आत किडा दाणा पोखरत असला की बारीक करकर येते, कोरड्या कागदावर नख ओढल्यासारखी. मी मुकादमाला सांगितले, तो हसला. गोदामाच्या मालकाने मात्र बारा पोती ओळीने लावली आणि म्हणाला, "सांग बघू, शहाण्या." मी पाच काढली. फोडली तेव्हा पाचही किडलेली निघाली आणि उरलेली सात साफ. मालक म्हणाला, "तू ओझी कशाला वाहतोस? ऐकायचं काम कर." त्या दिवसापासून पाठीवरचे पोते सुटले ते कायमचे.

कलम ४. धंद्याचा नियम. नियम म्हणजे मिळकत नव्हे असे वकिलांचे म्हणणे पडले. मला ते मान्य नाही. आमच्या दुकानाची खरी मिळकत तीच.

आधी नमुना, मग औषध. गिऱ्हाईक फोनवर "किडे झालेत" म्हणते. किडे हा शब्द रोग या शब्दासारखा आहे, त्याने काही कळत नाही. ज्या जनावराला कणा नाही, अंगावर कवच आहे आणि पायाला सांधे आहेत, ते आमच्या धंद्यात येते. विद्वान त्याला संधिपाद म्हणतात. आम्ही म्हणतो, पाय मोजा.

सहा पाय, अंगाचे तीन भाग, डोक्यावर मिशांची जोडी: कीटक. झुरळ, ढेकूण, वाळवी, पिसू, कसर, पोरकिडा, भुंगेरा, सगळे त्यात. सुरवंटाला पाय जास्त दिसतात, पण पुढचे सहाच खरे. मागचे मांसल खुंट म्हणजे पकडून राहण्याची सोय. आठ पाय, मिशा नाहीत: कोळी, विंचू, गोचीड. विंचवाच्या नांग्या पायांत धरू नयेत. खेकड्याच्या मात्र धराव्यात, म्हणजे त्याचे दहा भरतात. हा पक्षपात मी केलेला नाही. ओल्या कुंडीखाली राखाडी रंगाचे, बोट लावले की गोळीसारखे गुंडाळणारे एक जनावर असते. लोक त्याला किडा म्हणून मारतात. त्याचे पाय चौदा आणि भाऊबंद खेकडे. पुढे गोम. तिच्या अंगाच्या एकेका भागाला पायांची एक जोडी, आणि जोड्या मोजल्या तर आकडा कधी सम येत नाही. मी चाळीस गोमा मोजल्या आहेत. शेवटी पावसाळ्यात निघणारा वाणी. त्याला बहुतेक प्रत्येक भागाला दोन जोड्या, आणि इतके पाय असून घाई म्हणून नाही.

हे वर्गीकरण पोटासाठी शिकलो. वाळवीचे औषध कोळ्याला घातले तर कोळी हसतो आणि गिऱ्हाईक रडते. एका बाईंच्या पुस्तकांच्या कपाटात तिळाएवढे विंचू निघाले म्हणून त्यांनी घर सोडले होते. नांग्या होत्या, शेपूट नव्हते. ते जनावर पुस्तकांतल्या बारीक किड्यांवर जगते, माणसाला काही करत नाही. मी औषध मारले नाही, फक्त कपाट उन्हात ठेवायला सांगितले. त्या बाईंनी पुढची तीस वर्षे गिऱ्हाइके पाठवली.

तर प्रत्येक कामाचा नमुना काचेच्या नळीत, स्पिरिटमध्ये. नळीला क्रमांक, आत चिठ्ठी: तारीख, ठिकाण, पाय किती, जनावर कोणते. चिठ्ठी ज्याने लिहिली त्याची खूण खाली. ज्याचे अक्षर त्याची जबाबदारी. हा नियम मीच केला आणि दुकानाच्या भिंतीवर मीच रंगवून घेतला. त्याचे काय झाले ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ५. शेजारचे निवृत्त हेडमास्तर. हे गृहस्थ तीस वर्षे मला चारचौघांत "काय झुरळवाले!" अशी हाक मारत आले. त्यांच्या घरी मी चारदा ढेकणांसाठी गेलो. चारही वेळा त्यांच्या विनंतीवरून पंप पिशवीत लपवून आणि मागच्या दाराने. त्यांच्या ढेकणांची नळी क्रमांक अठ्ठ्याऐंशी विज्ञान संस्थेच्या संग्रहालयात जाईल, पत्त्यासकट, असे मी लिहिले होते. वकील म्हणाले, अब्रूनुकसानी होईल. म्हणून पत्ता खोडला आहे. मजला ठेवला आहे.

कलम ६. देह. डोळे दान करावेत, फॉर्म भरला आहे. कानांबद्दल चौकशी केली, कोणी घेत नाही.

कलम ७. संग्रह. पाच कपाटे, प्रत्येकात आठ खण, एकूण नळ्या दोन हजार एकशे चाळीस. सहा पायांची तीन कपाटे, आठ पायांचे एक, बाकी सर्वांचे मिळून एक. पन्नास वर्षांत या शहरातल्या घरांत, गोदामांत, दवाखान्यांत, छापखान्यांत काय काय चालत-रांगत होते ते त्यांत आहे. विज्ञान संस्थेच्या संग्रहालयाच्या मॅडम सहा महिन्यांपूर्वी येऊन तीन दिवस बसल्या. म्हणाल्या, असा संग्रह कोणाकडे नाही, आम्ही सगळा घेऊ, त्याची छापील यादी करू, आणि प्रत्येक नळीसमोर ओळख पटवणाऱ्याचे नाव घालू.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सहाशे बारा क्रमांकाची नळी काढली. भिंगाखाली धरली आणि हसल्या. "अहो, ही तर गोचिडाची पिल्लं. इथे ढेकणाची पिल्लं असं कोणी लिहिलंय?"

मी म्हणालो, "धाकट्या भावाचं अक्षर आहे."

त्यांनी वहीत टिपून घेतले.

मी खोटे बोललो नाही. अक्षर त्याचेच आहे. याच युक्तीवर मी तेवीस वर्षे काढली. आता ते काय आहे ते नीट लिहितो, कारण यादी छापली गेली की ते पुसता येणार नाही.

धाकटा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. धंद्यात पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. त्याला आम्ही भिंग म्हणायचो, कारण भिंगाखाली पाहिल्याशिवाय तो स्वतःच्या हातावरच्या मुंगीलाही मुंगी म्हणत नसे. अक्षर मोत्यासारखे, म्हणून चिठ्ठ्या तोच लिही. मी पाहायचो, सांगायचो, तो लिहायचा. कधी तो पाहायचा आणि मी मान डोलवायचो. कामाच्या घाईत कोणी पाहिले आणि कोणी लिहिले याचा वेगळा हिशेब राहत नसे.

एक बाई कुत्र्यांचे पाळणाघर चालवीत. लोक गावाला जाताना कुत्री त्यांच्याकडे ठेवून जात. शिवाय त्यांनी रस्त्यावरून उचललेली काही होती. त्यांच्याकडून नमुना आला. खसखशीएवढे जीव, लाकडी खाटांच्या फटींतून काढलेले. मी भिंगातून पाय मोजले. सहा.

म्हणालो, "कीटक. पंख नाहीत, चपटं अंग, खाटेच्या फटीत. ढेकणाची पिल्लं. लिही."

भाऊ म्हणाला, "दादा, मिशा दिसत नाहीत."

"मोडल्या असतील."

"सगळ्यांच्याच? आणि डोकं, छाती, पोट असं वेगळं कुठे आहे? एकच पिशवी आहे. मला गोचिडाची पिल्लं वाटतात. अंड्यातून निघालं की गोचिडाला सहाच पाय असतात. चौथी जोडी कात टाकल्यावर येते."

"गोचिडाला सहा पाय? उद्या म्हणशील माशीला आठ. मोजायला तुला कोणी शिकवलं?"

"तूच."

"मग लिही."

त्याने लिहिले. खाली आपली खूण केली.

मी खाटांना ढेकणाचे औषध मारले. भिंतीच्या भेगा, अंगण, कुत्र्यांचे अंग, सगळे तसेच राहिले. दीड महिन्यात ती पिल्ले कात टाकून आठ पायांची झाली. अकरा कुत्री तापाने पडली. तीन मेली.

बाई दुकानात आल्या. पावतीबरोबर आम्ही चिठ्ठीची नक्कल देत असू, ती त्यांनी टेबलावर ठेवली. दुकानात दोन गिऱ्हाइके होती आणि औषध कंपनीचा विक्रेता होता, जो दर आठवड्याला शहरातल्या प्रत्येक दुकानात जातो.

बाई म्हणाल्या, "हे कोणी लिहिलं?"

मी पावडरच्या पोत्याचे तोंड बांधत होतो. भावाने माझ्याकडे पाहिले. मी गाठ मारत राहिलो. एक गाठ पुरते. मी तीन मारल्या.

भाऊ म्हणाला, "मी."

आणि मग मी जे बोललो त्याला कोणी मला भाग पाडले नव्हते. मी म्हणालो, "चूक झाली, बाई. नवशिक्याच्या हातून होतं."

सत्तावीस वर्षे धंद्यात असलेल्या माणसाला मी नवशिका म्हणालो.

महिन्याभरात शहरातल्या प्रत्येक दुकानात माहीत झाले की, अमक्याच्या भावाला गोचीड आणि ढेकूण यांतला फरक कळत नाही. पुढच्या महिन्यात तो चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायला लागला. आता त्याचे स्वतःचे चष्म्याचे दुकान आहे. आमचे बोलणे बंद झाले नाही. तो येतो, चहा घेतो, हवेबद्दल बोलतो. तेवीस वर्षे आम्ही फक्त हवेबद्दल बोललो आहोत. माझी बायको होती तोवर म्हणायची, "तुम्ही दोघं वेधशाळेत का नोकरी करत नाही?" तिला सगळे माहीत होते. तिने मला एकदाच स्पष्ट सांगितले, "आज ना उद्या कोणीतरी विचारेल. तेव्हा तरी पोत्याला गाठी मारू नका." विचारले, सहा महिन्यांपूर्वी. मी पुन्हा मारल्या.

कलम ८. नळीचा ताबा. मागच्या महिन्यात चिरंजीव स्वयंपाकघरात सूनबाईला म्हणाले, "बाबांच्या पश्चात ती सहाशे बारा नंबरची नळी मोरीत ओतून टाकू. छापून आलं तर धंद्याला काळिमा." सूनबाई म्हणाली, "आणि काकांचं काय?" चिरंजीव म्हणाले, "काकांचं जे व्हायचं ते होऊन गेलं." मी शेजारच्या खोलीत बहिरा होऊन पेपर वाचत होतो.

चिरंजीवांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते. केलेच आहे. परंतु सदर नळी आता वकिलांच्या तिजोरीत आहे. शोधू नये.

कलम ९. धाकटा भाऊ. माझ्या पश्चात धंद्यात निम्मा हिस्सा, पाचही कपाटांची मालकी, आणि दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाच्या वर त्याचे नाव. संग्रह संस्थेला द्यायचा की नाही हे त्याने ठरवावे. सहाशे बाराची चिठ्ठी बदलून चूक माझी होती असे लिहावे.

येथवर शुक्रवारी लिहिले. साक्षीदार म्हणून सही भावानेच करावी अशी माझी इच्छा होती. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. वाद होतात. एकतर हिस्सा, नाहीतर सही." मी म्हणालो, अर्थातच हिस्सा. रविवारी सकाळी भावाला वाचायला बोलावले. पुढचे त्यानंतर लिहिले आहे. वकील म्हणतात स्वच्छ प्रत करा. करणार नाही. खाडाखोडीवर सही केली आहे.

भाऊ आला, म्हणाला, "उकाडा वाढलाय."

"वाढलाय," मी म्हणालो आणि कागद दिले.

तो खिडकीशी बसून वाचू लागला. सूनबाईने चहा आणला, निवला तेव्हा उचलून नेला, दुसरा आणला. त्याने शेवटचे पान खाली ठेवले.

"नवशिका हाच शब्द होता. बरोबर आठवलाय तुला."

"विसरलो नव्हतो."

"मला वाटायचं, विसरलास. म्हणून तर तुझ्याकडे येता आलं."

मी कागद पुन्हा त्याच्याकडे सरकवले. म्हणालो, "निम्मा धंदा घे. कपाटं घे. पाटीवर नाव..."

"दादा, मी आता चष्मे करतो. झुरळांच्या दुकानावर माझं नाव लागलं तर माझी गिऱ्हाइकं पळतील." मग म्हणाला, "हे तू मेल्यावर वाचणार कोण? तुझा मुलगा, वकील आणि त्या मॅडम. यांच्यापैकी मला कोणी नवशिका म्हटलं होतं?"

"मग काय करू?"

"ती बाई जिवंत आहे."

"माहीत आहे मला."

"तूही आहेस. अजून तरी."

मी म्हणालो, "माझं वय एकोणऐंशी. गुडघे..."

"रिक्षा मी आणतो."

सूनबाई दारात उभी होती. ती मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावे तशी म्हणाली, "बाबा, पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवते." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ऐकू येतंय तुम्हाला, ते माहीत आहे मला. दोन वर्षं झाली." तेव्हा कलम १ कायम, आणि त्यातले तिचे बोलणे मला ऐकवण्यासाठीच होते की काय याची चौकशी मी करणार नाही.

भाऊ जाताना म्हणाला, "आणि हिस्सा नको म्हणतो तो रागानं नाही. हिस्सा घेतला तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला शेवटी गाठलं आणि लिहून घेतलं. काही न घेता सही केली तर ते खरं राहील. साक्षीदार कर मला. पण बाईंना सांगून आल्यावर."

सबब कलम ९ रद्द. धंदा पूर्ण चिरंजीवांचा.

कलम १०. आज सोमवारी आम्ही दोघे पाळणाघराच्या पत्त्यावर गेलो. फाटक तेच, खोल्या रिकाम्या. व्हरांड्यात बाई आणि त्यांच्या पायाशी एक म्हातारी कुत्री. बाईंनी मला चटकन ओळखले.

"फवारणीवाले? आता इथे काय उरलंय मारायला?"

मी उभ्यानेच सांगितले. भावाने काय ओळखले होते, मी काय लिहायला लावले, दुकानात काय बोललो. चार वाक्यांत झाले. त्यासाठी तेवीस वर्षे का लागली ते मलाही नीट सांगता येत नाही.

बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. भावाकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला कळलं होतं, तरी लिहिलंत?"

भाऊ म्हणाला, "दुकानाचा नियम होता. आणि हा मोठा भाऊ."

"मला फोन करता आला असता. नंबर पावतीवर होता."

भाऊ चष्मा काढून पुसू लागला.

"तुम्हा भावांच्या मानापमानात माझी कुत्री गेली," बाई म्हणाल्या. "त्यांची नावं माहीत आहेत का तुम्हाला?"

आम्हाला माहीत नव्हती. अंगावरच्या जीवांना आम्ही दोन हजार एकशे चाळीस क्रमांक दिले. ज्यांच्या अंगावर ते होते त्यांची नावे कधी विचारली नाहीत.

"ढब्बू, सरकार आणि चिमटी. लिहा."

मी लिहिले. सहाशे बाराची नवी चिठ्ठी आता माझ्या अक्षरात आहे, ती अशी: गोचिडाची पिल्ले, पहिली अवस्था, पाय सहा. बरोबर ओळख धाकट्या भावाची. चुकीची ओळख दुकानमालकाची. या चुकीने गेलेली कुत्री: ढब्बू, सरकार, चिमटी. छापील यादीत हे जसेच्या तसे घालावे. मॅडमना इथूनच फोन करून सांगितले, त्यांनी आधीची नोंद खोडली. या अटीवर संपूर्ण संग्रह संस्थेला. अट मोडल्यास पाचही कपाटे परत घ्यावीत.

दुकानाच्या भिंतीवरचा नियम चिरंजीवांनी पुसावा. पुढे प्रत्येक चिठ्ठीवर दोन नावे येतील: ओळखले कोणी आणि लिहिले कोणी. दोघांचे मत जुळले नाही तर तेही लिहावे, आणि जुळेपर्यंत औषध मारू नये. गिऱ्हाईक थांबत नसेल तर जाऊ द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे माझे पहिले आणि शेवटचे.

साक्षीदार म्हणून भाऊ आणि वकिलांचे कारकून असे ठरले होते. कारकून संध्याकाळी घरी येणार होते. बाई म्हणाल्या, "बोलणं वाऱ्यावर जातं. लिहिलंय ते दाखवा." मी कागद पुढे केला. त्यांनी पहिल्यापासून वाचला, हेडमास्तरांपाशी किंचित हसल्या, आणि कलम ७ दोनदा वाचले. मग विचारले, "दुसरा साक्षीदार कोण?"

"वकिलांचे कारकून."

"त्यांना यातलं काय माहीत? पेन द्या. पण सहीखाली मी माझी एक ओळ लिहीन, आणि ती तुम्ही खोडायची नाही."

मी म्हणालो, नाही खोडणार. दोघांच्या समक्ष मी सही केली, आणि माझ्या समक्ष दोघांनी.

स्थळ: पाळणाघराचा व्हरांडा
दिनांक: अकरा, सोमवार, सकाळचे साडेअकरा

(सही)
मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला: (सही)
करणाऱ्याचा धाकटा भाऊ, चष्म्याचे दुकान. या कागदाने मला काहीही मिळत नाही. कलम १० मध्ये बाई फोनबद्दल जे म्हणाल्या त्याला माझ्याकडे उत्तर नाही, हेही खरे.

साक्षीदार दुसरी: (सही)
पाळणाघरवाली. ही सही साक्षीची आहे, माफीची नाही. माफीचे मी ठरवलेले नाही. ठरले तर दोघांना फोन करीन.